श्रीमंत सयाजीराव महाराज आणि दोन आंग्लभाषी राष्ट्रे

इंग्लंड आणि अमेरिका या दोन राष्ट्रांची भाषा एक, धर्म बहुतांशी एक आणि कायद्याची परंपराही पुष्कळशी एकच. तथापि एकाच घरातून वेगळे निघालेल्या भावांप्रमाणे या दोघांच्या मनांत परस्परांविषयी कौतुक आणि नाराजी ही दोन्ही एकत्र नांदत आली आहेत. ज्या काळी आपला देश इंग्रजांच्या अमलाखाली होता, त्या काळी येथील फारच थोड्या लोकांना ही दोन्ही घरे आतून पाहण्याची संधी मिळाली. ती ज्यांना मिळाली आणि जिचा उपयोग ज्यांनी स्वतःच्या मौजेपेक्षा प्रजेच्या हितासाठी अधिक केला, अशा पुरुषांत बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराज यांचे नाव अग्रभागी आहे. अकोट्यातील सर सयाजीराव नगरगृहावर ते नाव आपण नेहमी वाचतो. त्यांच्या चरित्राच्या याच एका अंगाचा परिचय विद्यार्थ्यांना करून द्यावा, असे आम्हांस वाटते.

महाराजांचा जन्म मार्च १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे मूळचे नाव गोपाळराव. १८७५ साली मल्हारराव गायकवाड यांना इंग्रज सरकारने पदच्युत केले आणि खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाईसाहेब यांनी बारा वर्षांच्या गोपाळरावांना दत्तक घेतले. त्या वेळी या मुलाला अक्षरओळखही नव्हती. इलियट नावाचे इंग्रज शिक्षक नेमले गेले आणि गुरे-वासरे, शेते यांत वाढलेला तो मुलगा मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी या चार भाषांचा अभ्यास एकाच वेळी करू लागला. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभाराचे पाठ दिले. २८ डिसेंबर १८८१ रोजी संपूर्ण अधिकार हाती आले, तेव्हा महाराज अवघे अठरा वर्षांचे होते.

इंग्रजांचे ऋण महाराजांनी कधी नाकारले नाही. वक्तशीरपणा, टापटीप, लेखी कारभार, कायद्यापुढे सर्वांना सारखे लेखण्याची वृत्ती आणि वाचनाचे व्यसन या गोष्टी त्यांनी इंग्रज गुरूच्या सहवासात उचलल्या. इलियट यांच्याशी त्यांचा स्नेह पुढेही टिकला. पण इंग्रज व्यक्तीविषयी आदर असणे निराळे आणि इंग्रज सत्तेचा जाच सोसणे निराळे. बडोद्यात रेसिडेंटाचा वास असे आणि राजाच्या प्रत्येक पावलावर त्याची नजर असे. १९०० साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी एक परिपत्रक काढून संस्थानिकांच्या परदेशगमनावर निर्बंध घातले. वारंवार विलायतेस जाणारा राजा आपल्या कर्तव्यात कसूर करतो, असा त्या परिपत्रकाचा सूर होता. महाराज त्या वेळी युरोपातच होते. प्रकृतीच्या कारणास्तव १८८७ सालापासून ते युरोपास जात असत आणि तेथे पाहिलेल्या संस्था मायदेशी कशा रुजवाव्यात याचा विचार करीत असत. त्यांना हा निर्बंध अपमानास्पद वाटला, यात नवल नाही.

येथे एक योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे. ज्या कर्झन साहेबांना बडोद्याच्या राजाचे परदेशगमन खुपत होते, त्यांच्या पत्नी स्वतः अमेरिकन होत्या. शिकागोच्या एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या त्या कन्या. त्या काळी अनेक इंग्रज उमराव अमेरिकन श्रीमंतांच्या मुलींशी विवाह करीत. विन्स्टन चर्चिल यांच्या मातोश्रीही अमेरिकनच होत्या. म्हणजे अमेरिकेची संपत्ती आणि तेथील कन्यांचा मोकळा, चतुर स्वभाव इंग्रजांना प्रिय होता. परंतु त्याच इंग्रजांच्या दिवाणखान्यात अमेरिकन माणसाचे मोठ्याने बोलणे, पैशाची बढाई, शिष्टाचारातील ढिलाई आणि अनोळखी माणसाशीही सलगी करण्याची सवय यांची थट्टा चाले. चार्ल्स डिकन्स हे सुप्रसिद्ध कादंबरीकार १८४२ साली अमेरिकेस गेले. बोस्टनमधील लोकोपयोगी संस्था पाहून ते संतुष्ट झाले. पण तंबाखू खाऊन जिकडेतिकडे थुंकण्याची चाल पाहून त्यांना किळस आली आणि गुलामगिरी पाहून संताप आला. उलट जेम्स ब्राइस या इंग्रज विद्वानाने १८८८ साली अमेरिकन लोकराज्यावर मोठा ग्रंथ लिहून त्याचे गुणदोष समतोल बुद्धीने मांडले, आणि पुढे १९०७ साली तेच वॉशिंग्टन येथे इंग्लंडचे राजदूत झाले.

आपल्याकडेही अशी तुलना करणारी एक मराठी लेखणी महाराजांच्या आधी होऊन गेली होती. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला आणि १८८६ साली अमेरिकेला गेल्या. तेथून परतल्यावर १८८९ साली त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथील स्त्रियांच्या संघटना आणि शिक्षण यांची त्यांनी मनापासून वाखाणणी केली आणि वर्णद्वेषाचा निषेधही केला.

१९०६ साली महाराज आणि महाराणी चिमणाबाई अमेरिकेस गेले. तेथे त्यांनी शाळा, विद्यापीठे, कारखाने व ग्रंथालये पाहिली. त्याच वर्षी बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे व मोफत करण्यात आले होते. हा प्रयोग त्यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यातील दहा गावांत सुरू केला होता. ब्रिटिश मुलखात मात्र गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मांडलेले अशाच स्वरूपाचे विधेयक सरकारने पुढे जाऊ दिले नाही. इंग्लंडात सक्तीचे शिक्षण होते. पण इंग्रजांनी ते हिंदुस्थानात आणले नाही. या विसंगतीचा विचार करू लागले, म्हणजे महाराजांची दृष्टी अमेरिकेकडे का वळली हे कळू लागते. अमेरिका हे एके काळी इंग्रजांच्याच अमलाखाली असलेले आणि १७७६ साली स्वातंत्र्य पुकारलेले राष्ट्र. तेथील तज्ज्ञ बोलावला, तर त्याच्यामागे राज्यकर्त्या जातीचा दरारा उभा नसे. तो नोकर म्हणून येई, काम शिकवी आणि परत जाई.

राल्फ व्हिटेनॅक हे अमेरिकन अर्थतज्ज्ञ असेच बडोद्यास आले. २० जुलै १९०८ रोजी स्थापन झालेल्या बँक ऑफ बडोदाच्या उभारणीत संपतराव गायकवाड, विठ्ठलदास ठाकरसी, लल्लुभाई सामळदास यांच्याबरोबर त्यांचाही वाटा होता. महाराजांनी आपल्या एका पुत्रास, फत्तेसिंहरावांस, ऑक्सफर्डला पाठविले, तर दुसऱ्यास, जयसिंहरावांस, अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात घातले.

पण अमेरिकेकडून आणलेली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे ग्रंथालय. मुलांना सक्तीने लिहायला-वाचायला शिकविले, परंतु शाळा सुटल्यावर हाती पुस्तकच आले नाही, तर शिकलेले चार-पाच वर्षांत विसरते, हे महाराजांनी ओळखले. अमेरिकेत त्यांनी अशी ग्रंथालये पाहिली, की जेथे मजूरही पुस्तक घरी नेतो आणि मुलांसाठी वेगळी खोली असते. मूळचे स्कॉटलंडचे आणि अमेरिकेत धनाढ्य झालेले अँड्र्यू कार्नेगी यांनी निरनिराळ्या देशांत मिळून सुमारे अडीच हजार ग्रंथालये आपल्या पैशाने बांधविली. १९१० साली महाराज पुन्हा अमेरिकेस गेले आणि न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बडोद्यास येण्याचे निमंत्रण दिले.

बोर्डन तीन वर्षे येथे राहिले. महाराजांनी स्वतःचा सुमारे वीस हजार ग्रंथांचा संग्रह लोकांसाठी खुला केला आणि त्यातून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. अमेरिकेतील ड्युई आणि कटर या दोघांच्या पद्धतींचा मेळ घालून बोर्डन यांनी पुस्तकांचे वर्गीकरण केले. ग्रंथपालांसाठी १९११ साली वर्ग काढला. हिंदुस्थानात असा वर्ग पूर्वी कोणी काढला नव्हता. पोलादी घडवंच्या आणि त्यांच्या मजल्यांमध्ये काचेच्या फरशा असलेली मांडणीही अमेरिकन धर्तीचीच. १९१२ साली इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत ग्रंथालयविषयक नियतकालिक निघू लागले. बोर्डन १९१३ साली गेले. त्यांचे काम जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी पुढे चालविले. त्यांचे आडनाव वाचताना आम्हां कोकणच्या माणसांना कुडाळची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

खेड्यांसाठी योजना साधी होती. गावकऱ्यांनी वर्गणी काढून जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच सरकारने आणि तेवढीच प्रांत पंचायतीने घालावी. ज्या गावाला तेवढेही शक्य नसे, तेथे लाकडी पेटीत पुस्तके भरून फिरते ग्रंथालय पाठविले जाई. महाराजांच्या अखेरच्या वर्षांपर्यंत संस्थानात हजाराहून अधिक ग्रंथालये झाली होती. सरकार सगळे देईल आणि लोक घेत बसतील, असे त्यात नव्हते. लोकांचा वाटा पहिला, हे तत्त्व महाराजांनी कटाक्षाने पाळले.

इंग्रज अधिकाऱ्यांना हे सारे कसे वाटले असेल? पुस्तकांना उघड विरोध कोण करील! परंतु महाराजांचा परदेशातील संचार, तेथील हिंदी क्रांतिकारकांशी त्यांच्या भेटी झाल्याचा संशय आणि अरविंद घोष यांच्यासारखी माणसे बडोद्याच्या नोकरीत राहून गेल्याची आठवण, यांमुळे त्यांच्यावर सरकारची करडी नजर होती. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात बादशहा पंचम जॉर्ज यांना मुजरा करताना महाराज एकदाच लवले आणि पाठ फिरवून निघाले. त्यांच्या अंगावर दरबारी अलंकारही नव्हते. लंडनच्या वृत्तपत्रांत गहजब उडाला. महाराजांना दिलगिरीचे पत्र लिहावे लागले. त्यांच्या मनात त्या क्षणी काय होते, याविषयी लोक आजही तर्क करतात. एवढे मात्र खरे, की गादी जाईल की राहील अशी वेळ या प्रसंगाने आणली. मल्हाररावांचे उदाहरण डोळ्यांपुढे होते. तरीही पुढच्या वर्षांत बोर्डन यांचे काम थांबले नाही.

१९१३ साली महाराजांनी एका तरुण पदवीधरास अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे; आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. तो तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांना प्रथमच शिवाशिवीवाचून इतरांच्या बरोबरीने बसता-उठता आले. तेथून १९१६ साली ते लंडनला गेले आणि १९१७ साली करार पाळण्यासाठी बडोद्यास आले. या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. पारशी खानावळीत नाव बदलून राहावे लागले आणि तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कचेरीत शिपाई त्यांच्या हाती कागद देताना अंग चोरीत. कमाटी बागेत झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले आणि बडोदे सोडले.

हा प्रसंग महाराजांच्या चरित्रातून गाळून चालणार नाही. अमेरिकेतून ग्रंथपाल आणता आला, पोलादी घडवंच्या आणता आल्या, पदवीही आणता आली. परंतु शेजाऱ्याला घरात जागा देण्याची बुद्धी जहाजातून आणता येत नव्हती. खुद्द अमेरिकेतही ती पुरती नव्हती. ज्या वर्षी आंबेडकर न्यूयॉर्कमध्ये मोकळेपणाने वावरत होते, त्याच वर्षी दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांसाठी शाळा निराळ्या आणि आगगाडीचे डबेही निराळे होते. राजाने कायदा करावा, पैसा द्यावा, शाळा काढावी. त्यापुढचे काम प्रजेचे असते, आणि ते १९१७ साली बडोद्याच्या प्रजेने केले नाही.

१९३३ साली, सत्तरीच्या वयात, महाराज शिकागो येथील सर्वधर्म परिषदेस गेले आणि तेथे त्यांनी भाषण केले. स्वामी विवेकानंदांनी त्याच शहरात भाषण केल्याला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले.

विद्यार्थिमित्रांनो, परक्या लोकांविषयी आपण किती सहज बोलतो! अमुक देशाचे लोक गर्विष्ठ, तमुक देशाचे उथळ, असे निवाडे आपण घरबसल्या देतो. इंग्रजांनी अमेरिकनांविषयी हेच केले, आणि अमेरिकनांनी इंग्रजांविषयीही. महाराजांनी दोघांचेही दोष पाहिले असतील. परंतु आपल्या प्रजेसाठी त्यांनी आणले ते गुण. इंग्रज शिक्षकाकडून शिस्त घेतली, अमेरिकन ग्रंथपालाकडून खुली कपाटे घेतली, आणि दोघांपैकी कोणाचेही मांडलिक मन घेतले नाही. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय अकोट्याहून फार दूर नाही. दांडिया बाजाराच्या पुलावरून विश्वामित्री ओलांडली, की शहर सुरू होते. सुट्टीत तेथे जाऊन एखादे पुस्तक मागून पाहावे, आणि शेजारच्या बाकावर कोण बसले आहे, त्याचे नाव किंवा जात न विचारता, त्याच्याशी पुस्तकाविषयी दोन शब्द बोलावे.