अस्वस्थ अंतःकरणाला लाभलेली शांती : संत फ्रान्सिस द सेल्स

दरवर्षी २४ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत फ्रान्सिस द सेल्स यांचा सण साजरा करते. सौम्यतेचे संत म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु ही सौम्यता त्यांना सहजासहजी लाभली नव्हती. ज्या अग्निदिव्यातून ती निर्माण झाली, त्याचे स्मरण आपण आज करू या.

फ्रान्सिस यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजी सॅव्हॉय प्रांतातील थोराँ येथे एका सरदार घराण्यात झाला. मुलाने कायदेपंडित होऊन मानमरातब मिळवावा, अशी वडिलांची इच्छा होती. त्यासाठी त्यांना पॅरिस येथे येशूसंघीय धर्मगुरूंच्या क्लेरमों महाविद्यालयात पाठविण्यात आले. त्या काळी पॅरिसमध्ये एका प्रश्नावर मोठा वादविवाद चालू होता. कोणाचे तारण होणार आणि कोणाचा नाश होणार, हे परमेश्वराने आधीच ठरवून ठेवले आहे काय, हा तो प्रश्न होता.

इतरांच्या दृष्टीने हा केवळ पांडित्याचा विषय होता, फ्रान्सिस यांच्या मात्र तो जिवाशी आला. १५८६ च्या अखेरीस, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, आपला कायमचा नाश ठरलेला आहे, अशी भीती त्यांच्या मनात घर करून बसली. अन्न गोड लागेना, झोप येईना, देह खंगत गेला. ज्या परमेश्वरावर बालपणापासून जीव लावला, त्यालाच आपण अनंतकाळ मुकणार, ही त्यांची खरी वेदना होती. सुमारे सहा आठवडे ते या अंधारात होते.

एके दिवशी महाविद्यालयातून परतत असताना ते सें-एतियेन-दे-ग्रे या चर्चमध्ये शिरले आणि पवित्र मरियेच्या काळ्या पाषाणमूर्तीपुढे त्यांनी गुडघे टेकले. परलोकात आपले काहीही होवो, निदान या जीवनात तरी परमेश्वरावर पूर्ण अंतःकरणाने प्रीती करता यावी, एवढेच त्यांनी मागितले. संत बर्नार्ड यांच्या नावाने ओळखली जाणारी मरियेची प्रार्थना तेथे एका फलकावर लिहिलेली होती, तीही त्यांनी म्हटली. जखमेवरची खपली गळून पडावी तशी ती व्यथा त्याच क्षणी गळून पडली आणि ते शांत चित्ताने उठले.

येथे आपण थोडे थांबू या. फ्रान्सिस यांना आपल्या तारणाची लेखी हमी मिळाली नव्हती. वादही मिटला नव्हता. बदलले होते ते एवढेच, की माझे काय होणार, हा प्रश्न त्यांनी परमेश्वराच्या हाती सोपविला आणि प्रीती करण्याचे काम स्वतःकडे ठेवले. ख्रिस्ती शांती म्हणजे संकटाचा अभाव नव्हे, तर पित्यावरील असा विश्वास होय.

पुढे १५९१ मध्ये पादुआ येथे त्यांनी कायद्याची डॉक्टरेट मिळविली. तथापि १८ डिसेंबर १५९३ रोजी त्यांनी गुरुदीक्षा स्वीकारली. १५९४ पासून शाब्ले या कॅल्विनपंथीय प्रदेशात त्यांनी सुवार्ताप्रसार केला. लोक प्रवचनाला येत नसत, म्हणून ते छोटी पत्रके लिहून घराघरांत पोहोचवीत. याच कारणास्तव १९२३ मध्ये पोप अकरावे पायस यांनी त्यांना कॅथोलिक लेखक व पत्रकारांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

१६०२ मध्ये ते जिनिव्हाचे बिशप झाले; मात्र ते शहर कॅल्विनपंथीयांच्या ताब्यात असल्यामुळे त्यांचे वास्तव्य अ‍ॅनसी येथेच राहिले. १६०४ मध्ये त्यांची भेट जेन द शांताल या विधवा मातेशी झाली. पतीचा शिकारीतील अपघातात मृत्यू झालेला, पदरी लहान मुले आणि त्यात श्रद्धेविषयीच्या शंकांनी पोखरलेले मन, अशी त्यांची अवस्था होती. त्यांना धीर देण्यासाठी फ्रान्सिस यांनी पॅरिसमधील आपला अनुभव सांगितला. जो स्वतः त्या दरीतून गेला होता, तोच दुसऱ्याचा हात धरू शकला. १६१० मध्ये त्या दोघांनी मरियेच्या भेटीच्या नावाने धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. भक्तिजीवन केवळ मठवासीयांसाठी नसून प्रापंचिकांसाठीही आहे, हे त्यांनी १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथातून शिकविले. २८ डिसेंबर १६२२ रोजी ल्यों येथे त्यांचे निधन झाले. १६६५ मध्ये ते संतपदी आरूढ झाले आणि १८७७ मध्ये त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून गौरविण्यात आले.

महाराष्ट्राशीही त्यांचे नाते आहे. १८३८ मध्ये अ‍ॅनसी येथे त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या संघाच्या मिशनरींनी एकोणिसाव्या शतकात नागपूर परिसरात सेवाकार्य केले. नागपूरचे कॅथेड्रल आजही त्यांचेच नाव धारण करते.

आपल्यातही कित्येक जण पापनिवेदन करूनही परमेश्वर आपल्याला क्षमा करील की नाही, या भीतीने रात्र रात्र तळमळतात. आजारपण आले की ही देवाची शिक्षाच, असे मानून खचतात. अशा प्रत्येकाने त्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याची आठवण ठेवावी आणि आपले ओझे एकट्याने न वाहता धर्मगुरूंजवळ मोकळे करावे. उद्याची चिंता पित्यावर सोपवून आज त्याच्यावर प्रीती करण्याची कृपा आपणा सर्वांना लाभो, हीच या संताच्या मध्यस्थीने आपली प्रार्थना.