लोकमान्य टिळकांचे पथ्य



१ ऑगस्ट जवळ आला की शाळाशाळांतून लोकमान्य टिळकांवरची भाषणे सुरू होतात. शेंगांची टरफले, केसरी, गणेशोत्सव, मंडाले आणि ती एक गर्जना, झालं भाषण. मुले पाठ करून येतात, आपण टाळ्या वाजवतो. पण टिळकांच्या आयुष्यातली एक गोष्ट या भाषणांत कधीच येत नाही, आणि आज ती जवळजवळ प्रत्येक घराला कळेल अशी आहे. टिळकांना मधुमेह होता. मंडालेच्या तुरुंगातली सहा वर्षे त्यांनी हा आजार घेऊन काढली. तेव्हा इन्सुलिन नव्हते, गोळ्या नव्हत्या, बोट टोचून साखर बघायचे यंत्र तर नव्हतेच. म्हणून या वेळी त्यांचे चरित्र मी या बाजूने सांगते.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक, म्हणजे आपल्याच पेशातले. पुढे ते शिक्षण खात्यात अधिकारी झाले आणि १८६६ मध्ये त्यांची पुण्याला बदली झाली. त्याच सुमारास आई पार्वतीबाई गेल्या. सोळा वर्षांचे असताना वडीलही गेले. मुलगा हुशार, पण प्रकृतीने किरकोळ. डेक्कन कॉलेजात गेल्यावर पहिल्याच वर्षी त्याने अभ्यास चक्क बाजूला ठेवला आणि तालीम, पोहणे, दूध, भरपूर खाणे असा कार्यक्रम चालवला. वर्ष वाया गेले असे लोक म्हणाले असतील, पण शरीर कमावले ते त्या वर्षी. मला हा प्रसंग टरफलांच्या गोष्टीपेक्षा जास्त आवडतो. एखादी गोष्ट करायची ठरली की ती रोज, न चुकता करायची, हा स्वभाव तिथे दिसतो. तोच पुढे मंडालेत कामी आला.

त्यानंतरचे आपल्याला माहीत आहे, म्हणून भरभर सांगते. गणितात बी. ए., मग कायद्याची पदवी. १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये केसरी आणि मराठा. सोबत गोपाळ गणेश आगरकर, आपल्या सातारा जिल्ह्यातल्या कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे दोघांचे मतभेद झाले, टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून १८९० मध्ये बाहेर पडले. १८९७ मध्ये राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. तुरुंगातले जाडेभरडे अन्न अंगी लागेना, वजन झपाट्याने उतरले. साधारण वर्षभराने, सप्टेंबर १८९८ मध्ये ते सुटले.

दुसरी मोठी शिक्षा झाली तेव्हा मात्र शरीर पूर्वीचे राहिले नव्हते. २४ जून १९०८ ला मुंबईत अटक झाली, जुलैत न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे खटला चालला. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. दुसऱ्या दिवशी त्यांना ५२ वर्षे पूर्ण होणार होती. मधुमेह तेव्हा जडलेला होता. आधी साबरमतीच्या तुरुंगात ठेवले. वय आणि प्रकृती पाहून सरकारने काळ्या पाण्याऐवजी साधी कैद केली आणि सप्टेंबरमध्ये त्यांना ब्रह्मदेशात मंडालेला पाठवले.

मंडालेची कोठडी लाकडी पट्ट्यांची. उन्हाळ्यात भट्टीसारखी तापणारी, थंडीत गार वारा आत घेणारी, आणि बारा महिने धूळ. अशा ठिकाणी मधुमेही माणसाने काय करायचे? त्या काळी जगात कुठेही या आजारावर खात्रीचे औषध नव्हते. लंडनच्या श्रीमंत रोग्यालाही डॉक्टर एकच गोष्ट सांगत, ती म्हणजे खाणे बदला. टिळकांनी गहू आणि तांदूळ सोडले. सातूच्या पिठावर आणि दूध-दह्यावर ते राहू लागले. स्वयंपाकाला कुलकर्णी आडनावाचा एक मराठी कैदी दिला होता. त्याने पुढे सांगितलेल्या आठवणींमुळेच तुरुंगातल्या रोजच्या जगण्याची माहिती आपल्यापर्यंत आली.

इथे थोडे थांबू या, कारण सातू म्हटले की आपल्या घरात भलताच घोळ होतो. आपण ज्याला सातूचे पीठ म्हणतो त्यात भाजलेले गहू आणि डाळं असतं, आणि ते आपण गूळ घालून दुधात कालवतो. ते मधुमेहाचे पथ्य नव्हे! टिळकांचा सातू म्हणजे जव, ज्याला संस्कृतात यव म्हणतात. जवात एक चिकट धागा असतो, त्यामुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. गंमत म्हणजे चरकसंहितेतही प्रमेहाच्या रोग्याला मुख्य अन्न म्हणून जवच सांगितला आहे. लघवीला मुंग्या लागतात ही खूणही आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी टिपून ठेवली होती, मधुमेह हे नाव त्यातूनच आले.

मग साखर किती आहे हे कळायचे कसे? मुंग्यांवर कोण अवलंबून राहणार! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लघवी एका निळ्या द्रावणात मिसळून तापवायची पद्धत होती. साखर असेल तर निळा रंग पालटे. १९०८ च्या सुमारास बेनेडिक्ट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने यातले जास्त सोयीचे द्रावण तयार केले. निळे राहिले तर साखर नाही, हिरवे झाले तर थोडी, मग पिवळे, नारिंगी, आणि विटेसारखे लाल झाले तर खूप. आपल्यापैकी काही जणांनी बारावीच्या प्रयोगशाळेत हे केलेही असेल. पण यात एक मोठी अडचण आहे. रक्तातली साखर बरीच वाढल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. आणि साखर कमी झाली, म्हणजे चक्कर येण्याइतकी खाली गेली, तर हे द्रावण काहीच सांगत नाही. म्हणजे त्या काळचा रोगी अर्ध्या अंधारात चालत होता. रक्ताचा थेंब घेऊन बघायची पट्टी १९६० च्या दशकात आली, आणि घरी वापरायची यंत्रे त्यानंतरही बऱ्याच वर्षांनी.

मोजता येत नाही तेव्हा हातात काय उरते? रोजचा दिवस शक्य तितका सारखा ठेवणे. मंडालेत टिळकांनी हेच केलेले दिसते. ठरलेल्या वेळी उठणे, संध्या, वाचन, तेच जेवण, पुन्हा वाचन. शेकडो पुस्तके जमवली. पाली, जर्मन, फ्रेंच या भाषांचा अभ्यास केला. १९१०-११ च्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहिले, तेही पेन्सिलने, कारण शाई-लेखणीची परवानगी नव्हती आणि वह्याही पाने मोजून मिळत. तो ग्रंथ आपण डोक्याला लावतो. पण त्यामागे रोज समोर येणारे तेच बेचव ताट आहे, हे मुलांना सांगायला हवे असे मला वाटते. पराक्रम म्हटला की मुलांना तलवार दिसते. गोडाधोडाला हात न लावणे हा पराक्रम वर्गातल्या प्रत्येकाला समजतो, कारण प्रत्येकाच्या घरी आजी किंवा आजोबा चहात साखर घालू नका म्हणून रोज ओरडा खात असतात.

७ जून १९१२ रोजी पुण्यात सत्यभामाबाई गेल्या. लग्नाला चाळीस वर्षे झाली होती. बातमी मंडालेला तारेने गेली. त्या माणसाने तो दिवस कसा काढला असेल याचा विचार केला की पथ्य वगैरे शब्द लहान वाटतात. 

जून १९१४ मध्ये, १६ तारखेच्या मध्यरात्री, त्यांना पुण्यात घराशी आणून सोडले. आणि खरी कसोटी इथून सुरू झाली, असे मला वाटते. तुरुंगात वेळ ठरलेली, ताट ठरलेले. बाहेर सभा, दौरे, रेल्वेचे प्रवास, जागरणे, आणि प्रत्येक गावी आग्रहाचा पाहुणचार. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन झाली. त्याच वर्षी जुलैत साठावा वाढदिवस, लाख रुपयांची थैली, आणि त्याच दिवशी चांगल्या वर्तणुकीच्या जामिनाची सरकारी नोटीस! डिसेंबरात लखनौ करार. पुढे १९१८ मध्ये चिरोलवरच्या खटल्यासाठी विलायतेला गेले, तिथे वर्षाहून जास्त राहिले, खटला हरले, नोव्हेंबर १९१९ मध्ये परतले. साठी उलटलेल्या मधुमेही माणसाचे हे वेळापत्रक आहे, हे लक्षात घ्या.

आमच्या शिरवळात एमआयडीसी वाढली तसे पालक तीन पाळ्यांत काम करू लागले. या आठवड्यात सकाळी, पुढच्या आठवड्यात रात्री. ज्यांना साखर आहे त्यांची तक्रार हीच असते, की गोळी कधी घ्यायची आणि जेवायचे कधी, ताळमेळ लागत नाही. अशांना टिळकांसारखा सारखा दिवस मिळत नाही, पण टिळकांकडे नव्हते ते यंत्र मिळते. मशीन एकदा घ्यायचे, पट्ट्या मात्र सतत घ्याव्या लागतात आणि खरा खर्च तोच आहे. एका कंपनीची पट्टी दुसऱ्या मशीनला चालत नाही, घेताना हे बघा. पट्टीवर एक विकर असते, दमट हवेने ते बिघडते, म्हणून डबीचे झाकण लगेच लावायचे आणि तारीख संपलेली पट्टी वापरायची नाही. बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. आंबा किंवा गूळ हाताला लागलेला असेल तर आकडा उगाच वाढलेला दिसतो. टोचायचे ते बोटाच्या कडेला, तिथे कमी दुखते. सुई दुसऱ्याची वापरायची नाही. आणि आकडा वहीत लिहायचा, सोबत काय खाल्ले तेही. न लिहिलेला आकडा डॉक्टरांच्या उपयोगाचा नाही.

टिळकांचा शेवट मुंबईत झाला. जुलै १९२० मध्ये ताईमहाराज प्रकरणाच्या कामासाठी ते सरदारगृहात उतरले होते. ताप आला, हिवताप म्हणून उपचार सुरू झाले, पुढे न्यूमोनिया झाला. १ ऑगस्टच्या पहिल्याच प्रहरी, मध्यरात्र उलटल्यावर, ते गेले. वय ६४. त्यांचा जीव घेतला तो तापाने आणि फुप्फुसाने. पण अनेक वर्षांचा मधुमेह असलेल्या शरीराला असा संसर्ग जड जातो, हे आज कोणताही डॉक्टर सांगेल. चौपाटीवर भर पावसात लाखोंचा समुदाय जमला.

पुढच्याच वर्षी, १९२१ च्या उन्हाळ्यात, कॅनडातल्या टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट या दोघांनी इन्सुलिन वेगळे काढण्याचे प्रयोग केले. जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा माणसाला टोचले, आणि तो माणूस म्हणजे लेनर्ड थॉम्पसन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा होता. सुधारलेले इन्सुलिन दिल्यावर त्याची साखर उतरली, पोरगा सावरला.

हे मुद्दाम सांगते, कारण टिळकांची गोष्ट ऐकून कोणी भलता अर्थ काढू नये. टिळकांना पन्नाशीच्या आसपास झालेला आजार पथ्याने ताब्यात राहू शकला. मुलांना होतो तो मधुमेह बहुतेक वेळा वेगळा असतो. त्यात शरीर इन्सुलिन बनवणेच थांबवते. १९२२ पूर्वी अशी मुले उपाशी ठेवून जेमतेम वर्ष-दोन वर्षे जगवली जात. जव, कारले, जांभळाच्या बिया, कशानेही तिथे इन्सुलिनची जागा भरत नाही. कोणी काही सांगितले म्हणून मुलाचे इंजेक्शन बंद करणारे पालक आजही भेटतात. त्यांना आपण शिक्षकांनीच स्पष्ट सांगायला हवे.

वर्गात असे मूल असेल तर त्याला पट्टीने साखर बघायला, मधेच खायला, पाणी प्यायला आणि लघवीला जायला परवानगी मागायला लावू नका. घाम, हाताला कंप, एकदम भूक, चिडचिड, गोंधळलेली नजर दिसली तर साखर उतरली असे समजा. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. मग पोळी किंवा भाकरीसारखे काही खायला द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. खेळाच्या तासाला जाण्याआधी त्याने काही खाल्ले आहे का, हे विचारायचे काम वर्गशिक्षकाचे. ग्लुकोजचा पुडा टेबलाच्या खणात ठेवा, आणि बदली शिक्षक आले तर तो कुठे आहे हे त्यांनाही सांगून ठेवा.