थॉमस यंग आणि डोळ्यातला स्नायू

शास्त्रज्ञांच्या चरित्रांकडे आम्ही कला शाखेचे विद्यार्थी सहसा फिरकत नाही. तरीही थॉमस यंगविषयी मला लिहावेसे वाटते, कारण हा गृहस्थ अर्धाअधिक आपल्याच शाखेचा होता.

यंगचा जन्म १७७३ साली इंग्लंडमधील मिल्व्हर्टन या गावी एका क्वेकर कुटुंबात झाला. दुसऱ्या वर्षी तो वाचू लागला आणि विशीच्या आत ग्रीक, लॅटिन, हिब्रू अशा अनेक भाषा शिकला. वैद्यक शिकत असताना त्याला एका जुन्या कोड्याने पछाडले. हातातले पुस्तक आणि दूरचे झाड, दोन्ही एकाच डोळ्याला स्पष्ट कसे दिसते? बैलाचा डोळा कापून पाहून त्याने १७९३ साली रॉयल सोसायटीपुढे मत मांडले की, डोळ्यातले भिंगच स्नायूंचे बनलेले असते आणि ते आपला आकार बदलते. वयाच्या एकविसाव्या वर्षी तो त्या सोसायटीचा सदस्य झाला.

पण लगेच इतरांनी प्रयोग करून सांगितले की, बदल बुबुळावरील पारदर्शक पडद्यात होतो. यंगने आपले मत सोडून दिले! मला या माणसाचा खरा मोठेपणा पुढच्या वर्षांत दिसतो. १८०० साली तो पुन्हा त्या प्रश्नाकडे वळला आणि प्रयोगासाठी त्याने स्वतःचाच डोळा घेतला. पाणी भरलेली, भिंग बसवलेली नळी त्याने डोळ्याला लावली. पाण्यामुळे पुढच्या पडद्याचा प्रभाव जवळजवळ नाहीसा झाला, तरी डोळा जवळचे-दूरचे जुळवून घेतच होता. मग नेत्रगोल लांबतो की काय, हे पाहण्यासाठी त्याने डोळा नाकाकडे वळवून कोपऱ्यातून मागे लोखंडी कडी दाबून धरली. (वाचतानाच अंगावर काटा येतो.) गोलही लांबत नव्हता. मोतीबिंदूसाठी भिंग काढलेल्या माणसांत तर ही शक्तीच उरलेली नव्हती. म्हणजे बदल भिंगातच होता.

मात्र भिंगात स्नायू नसतो. तो भिंगाभोवती कड्यासारखा असतो, हे १८४७ च्या सुमारास ब्रुक व बोमन यांनी दाखविले; त्याचे कार्य १८५५ मध्ये हेल्महोल्ट्झने उलगडले. जवळ पाहताना हे कडे आवळते, भिंगाला ताणून धरणारे तंतू सैल पडतात आणि भिंग आपल्या लवचीकपणाने फुगते. वय वाढले की भिंग कडक होते. आमचे काही प्राध्यापक हजेरीपट हातभर लांब धरतात, त्याचे कारण हेच!

यंगची वैद्यकी फारशी चालली नाही. पण प्रकाश लहरींचा असतो हे त्याने प्रयोगाने दाखविले आणि रोझेटा शिलेवरील चित्रलिपीतले टॉलेमीचे नाव ओळखले; संपूर्ण उलगड्याचा मान शाम्पोलियाँकडे गेला. आपली मराठी ज्या कुळात मोडते त्याचे ‘इंडो-युरोपियन’ हे नावही १८१३ साली यंगनेच योजले.

१८२९ च्या मे महिन्यात, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, तो वारला. त्या आजारपणातही इजिप्शियन शब्दकोशाचे काम चालू होते. लेखणी धरवेना तेव्हा तो पेन्सिलीने लिहीत असे.