‘सेव्ह’चा शब्द पाळायला लावणारा जिम

उद्या सबमिशन. रात्री एक वाजता प्रोजेक्टची शेवटची फाइल सेव्ह झाली, कॉम्प्युटरने काही तक्रार केली नाही, तुम्ही हुश्श केलंत आणि तेवढ्यात लाइट गेली. लाइट आल्यावर फाइल उघडून बघता, तर ती करप्ट! मग मघाशी ‘सेव्ह’ झालं म्हणाला, ते काय होतं? कॉम्प्युटर खोटं बोलला का?

थोडंसं बोललाच. आणि या थोड्याशा खोट्यामुळे कोणाचं नुकसान होऊ नये, म्हणून ज्याने उभी कारकीर्द खर्ची घातली, त्याचं नाव जिम ग्रे. एटीएममधून पैसे काढताना मध्येच मशीन बंद पडलं, तरी तुमच्या खात्याचा हिशेब शेवटी जुळतो, त्यात या माणसाची मोठी पुण्याई आहे.

जिमचा जन्म १२ जानेवारी १९४४ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. शिकला जवळच्याच बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात. १९६९ मध्ये त्याने पीएचडी मिळवली आणि तिथल्या कॉम्प्युटर सायन्स विभागाची ती पहिलीच पीएचडी होती. पुढे तो आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत दाखल झाला. तिथे ‘सिस्टीम आर’ नावाचा डेटाबेस घडत होता. आज आपण जी एसक्यूएल शिकतो, ती याच प्रकल्पातून आली.

आधी किर्द, मग खतावणी

जिमसमोरचा प्रश्न वरवर साधा होता. तुमच्या खात्यातून ५०० रुपये वजा झाले आणि मित्राच्या खात्यात जमा होण्याआधीच वीज गेली, तर ते ५०० रुपये कुठे गेले? जिमचं उत्तर असं, की व्यवहार एकतर पूर्ण व्हावा, नाहीतर मुळीच होऊ नये. अर्धवट काही चालणार नाही. आणि एकदा ‘झालं’ म्हटलं, की वीज जावो वा मशीन बंद पडो, ते झालेलंच राहिलं पाहिजे. डीबीएमएसच्या पेपरसाठी तुम्ही ज्या ‘अ‍ॅसिड’ प्रॉपर्टीज पाठ करता, त्यांचा पाया हाच. ‘अ‍ॅसिड’ हे नाव १९८३ मध्ये दोन जर्मन संशोधकांनी दिलं, पण विचार मुख्यतः जिमच्या कामातून आलेला.

हे जमवायचं कसं? आपला जुना दुकानदार जमवायचा तसंच. तो आधी रोजच्या किर्दीत नोंद करायचा आणि मग सवडीने खतावणीत उतरवायचा. खतावणीचं पान फाटलं तरी किर्दीवरून हिशेब पुन्हा उभा राहायचा. कॉम्प्युटरमध्ये किर्दीच्या जागी ‘लॉग’ असतो. आधी लॉग डिस्कवर लिहायचा, मगच खरा डेटा बदलायचा. ही पद्धत नीट मांडून दाखवणाऱ्यांमध्ये जिम आघाडीवर होता. विंडोजची एनटीएफएस फाइल सिस्टीमही असाच लॉग ठेवते. म्हणून लाइट गेल्यावर अख्खी ड्राइव्ह सहसा वाचते. पण हा लॉग फोल्डर आणि फाइलच्या नोंदींचा असतो, फाइलच्या आतल्या मजकुराचा नाही. तो मजकूर जाऊ शकतो.

डिस्कची थाप

या सगळ्या इमारतीचा भार एका गोष्टीवर आहे. डिस्क ‘लिहिलं’ म्हणाली, तर ते खरोखर लिहिलेलं असलं पाहिजे. घोडं अडतं ते इथेच. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेरीला आठ मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो. आपल्याला तो काहीच वाटत नाही, पण प्रोसेसरला तो युगासारखा. म्हणून डिस्कच्या पोटात एक छोटी मेमरी बसवलेली असते, तिला म्हणतात राइट कॅश. डेटा तिथे पोचला, की डिस्क लगेच ‘झालं’ म्हणून मोकळी होते. तबकडीवर लिहायचं काम मागाहून, आणि तेही तिच्या सोयीच्या क्रमाने. म्हणजे किर्दीआधी खतावणी लिहिली जाण्याचीही शक्यता! त्यात वीज गेली, की कॅशमधलं सगळं पुसलं जातं.

१९९५ मध्ये जिम मायक्रोसॉफ्टमध्ये आला. दोन सहकाऱ्यांबरोबर त्याने विंडोज एनटीवर डिस्कच्या वेगाच्या बारकाईने चाचण्या घेतल्या. राइट कॅश चालू केली, की छोट्या छोट्या नोंदी लिहिण्याचा वेग भरपूर वाढतो, हे त्यातून दिसलं. पण हा वेग फुकटचा नाही, त्यात डेटा गमावण्याची जोखीम आहे, हेही स्पष्ट होतं.

हीच निवड आज तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवरही आहे. डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘डिस्क ड्राइव्हज’मध्ये तुमच्या डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जा आणि ‘पॉलिसीज’चा टॅब बघा. पहिला चौकोन राइट कॅश चालू-बंद करतो. यूपीएस असेल किंवा बॅटरी धड असलेला लॅपटॉप असेल, तर तो चालू राहू द्या. बॅटरी मेलेला लॅपटॉप मात्र डेस्कटॉपच समजा. यूपीएस नाही, लाइट सारखी जाते आणि फाइल्स महत्त्वाच्या आहेत, तर खूण काढून टाका. कॉम्प्युटर थोडा हळू चालेल, पण शब्दाला जागेल. दुसरा चौकोन ‘बफर फ्लशिंग’ बंद करण्याचा. विंडोज मधूनमधून डिस्कला ‘आता खरंच लिही’ असा हुकूम सोडते, तो हुकूमच ही खूण थांबवते. डिस्कला वेगळा बॅटरी बॅकअप नसेल, तर वेग वाढवायच्या नादात तिथे हात लावू नका. खूण बदलूनही टिकत नसेल, तर बहुधा डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर मध्ये आड येतोय. आधी तो अपडेट करून बघा.

सगळा दोष मशीनच्या माथी मारू नका, हेही जिमनेच दाखवलं. १९८५ मध्ये, टँडम कंपनीत असताना, कॉम्प्युटर बंद का पडतात याचा त्याने शोध घेतला. सर्वात मोठा वाटा माणसांच्या हाताळणीचा निघाला, तब्बल ४२ टक्के. बिघडलेल्या हार्डवेअरचा वाटा त्याच्या निम्म्याहूनही कमी होता.

१९९८ मध्ये जिमला कॉम्प्युटर जगतातला सर्वोच्च ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पुढे तो खगोलशास्त्रज्ञांच्या मदतीला गेला आणि आकाशाच्या प्रचंड नकाशांचा डेटा कोणालाही बघता येईल, अशी सोय करण्यात त्याने हातभार लावला. इंटरनेटवरून पाठवायला फार वेळ लागायचा, तेव्हा हा पठ्ठ्या डिस्कने भरलेला अख्खा कॉम्प्युटरच कुरिअरने पाठवायचा!

२८ जानेवारी २००७. आईच्या अस्थी समुद्रात विसर्जित करायला जिम ‘टेनेशस’ नावाची आपली शिडाची बोट घेऊन एकटाच सॅन फ्रान्सिस्कोहून फॅरलॉन बेटांकडे निघाला. तो परतलाच नाही. तटरक्षक दलाने समुद्र धुंडाळला. मित्रांनी उपग्रहांची छायाचित्रं मिळवली आणि हजारो स्वयंसेवकांनी घरी बसून त्यांचा तुकडा न् तुकडा तपासला. ना बोट सापडली, ना बोटीची एखादी फळी. पाच वर्षांनी, २०१२ मध्ये, त्याला कायद्याने मृत घोषित करण्यात आलं.

जगाच्या नोंदी हरवू नयेत म्हणून झटलेल्या माणसाच्या शेवटच्या प्रवासाची एकही नोंद उरली नाही. पण आज रात्री कुठेतरी लाइट जाईल, कुणाचा तरी व्यवहार अर्ध्यात तुटेल आणि तरीही सकाळी खात्यावर पै न् पै जागेवर असेल. तुमच्या प्रोजेक्टचंही तसंच व्हावंसं वाटत असेल, तर तो ‘पॉलिसीज’चा टॅब आजच उघडून बघा. आणि फाइलची एक कॉपी दुसरीकडे ठेवा. सबमिशनच्या आदल्या रात्री नाही, आत्ताच.