रंगद्रव्याविना रंग टिपणारे गॅब्रिएल लिपमन

मोरपिसाची निळी-हिरवी झळाळी ही रंगद्रव्याची नव्हे, तर पिसातील सूक्ष्म रचनेची किमया असते. अशीच रचना काचेवर घडवून रंगीत छायाचित्र टिपणारे भौतिकशास्त्रज्ञ गॅब्रिएल लिपमन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८४५ रोजी लक्झेंबर्ग येथे झाला. अध्यापकपदाच्या परीक्षेत अपयशी ठरलेले लिपमन पुढे पॅरिसच्या सोरबाँ विद्यापीठात प्राध्यापक झाले.

१८९१ मध्ये त्यांनी वर्णपटाचे रंगीत छायाचित्र फ्रेंच विज्ञान अकादमीला सादर केले. काचेवरील प्रकाशसंवेदी लेपामागे त्यांनी पारा ठेवला. आत शिरणारा आणि पाऱ्यावरून परतणारा प्रकाश एकत्र येऊन लेपात अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने चांदीचे थर उमटले. रंग ठरतो तो या अंतराने. काचेवर नुसता श्वास सोडला, तरी दमटपणाने लेप फुगतो व रंग तांबड्याकडे सरकतो. आर्द्रतेनुसार रंग बदलणारे काही आधुनिक पदार्थ याच तत्त्वावर बेतलेले आहेत.

या पद्धतीसाठी १९०८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बाजारपेठ मात्र आदल्याच वर्षी विक्रीस आलेल्या ल्युमिएर बंधूंच्या काचांनी जिंकली आणि त्यांत होते बटाट्याच्या रंगवलेल्या पिठाचे कण! लिपमन यांच्या छायाचित्राची प्रत निघत नसे, टिपण्यास वेळही फार लागे.

जुलै १९२१ मध्ये उत्तर अमेरिकेहून परतताना जहाजावरच त्यांचे निधन झाले. त्यांच्या काचांवरील रंग शंभर वर्षांनंतरही विटलेले नाहीत.