रॉकी पर्वतातील घोडेस्वार बाई

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील एस्टेस पार्कला घोड्यावरून डोंगरवाटा हिंडण्याची सोय आहे. आपल्या मंडळींपैकी काही जण सुट्टीत तेथे जाऊन आले असतील. सोबत वाटाड्या असतो, घोडे शिकवलेले असतात आणि दोन-तीन तासांत माणूस सुखरूप तळावर परत येतो. १८७३ साली याच दरीत बेचाळिशीला आलेली एक इंग्रज अविवाहित बाई एकटीच येऊन दाखल झाली. तेव्हा तेथे शिकारी आणि गुराखी यांच्या चार झोपड्यांपलीकडे काही नव्हते.

इझाबेला बर्ड यांचा जन्म १८३१ चा, यॉर्कशायरमधल्या एका पाद्र्याच्या घरातला. उंची पाच फुटांहूनही कमी आणि पाठीचा कणा लहानपणापासून अधू. तरुणपणी पाठीवरची गाठ शस्त्रक्रियेने काढली, तरी दुखणे हटले नाही. घरी असल्या की अंथरूण सुटेना. मग डॉक्टर हवापालटासाठी प्रवासाला धाडीत.

अशाच प्रवासात १८७३ च्या आरंभी त्या हवाई बेटांवर पोचल्या आणि तेथे त्यांना औषध सापडले, ते म्हणजे खोगीर! कुलीन इंग्रज स्त्रीने घोड्यावर दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसावे, असा त्या काळचा दंडक. त्याने कंबर सारखी पिळलेली राही आणि इझाबेलाबाईंना ते सहन होत नसे. हवाईतल्या बायका मात्र मेक्सिकन खोगिरावर खुशाल मांड टाकून बसत. बाईंनीही तसे करून पाहिले आणि पाठ दुखेनाशी झाली.

रॉकी पर्वतात त्या याच बैठकीने फिरल्या. अंगात घोट्यापर्यंतचा घागरा, आत तुर्की धर्तीचा पायजमा. लाँग्ज पीक हे १४,२५९ फुटांचे शिखर त्यांनी जिम न्यूजंट या शिकाऱ्याच्या मदतीने गाठले. अवघड जागी त्याने त्यांना अक्षरशः ओढून नेले, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. अस्वलाच्या हल्ल्यात एक डोळा गमावलेला हा मनुष्य मोठा रसिक, पण दारूपुढे हतबल. त्याने मन उघड केले, बाईंनाही ओढ होती. तरी त्यांनी नकार दिला. पुढे १८७४ मध्ये गोळी लागून त्याचा अंत झाला.

पण खरी सोबत लाभली ती बर्डी या कुमैत तट्टाणीची. तिच्यावर बसून बाई हिमवर्षावात शेकडो मैल एकट्या हिंडल्या. थंडीने पापण्या गोठून चिकटत, वाट बर्फाखाली बुजे. अशा वेळी घोडीच्या अकलेवर भिस्त. एवढे धैर्य, तरी कोलोरॅडो स्प्रिंग्ज गाव जवळ येताच त्या उतरल्या, लांब घागरा चढवला आणि एका बाजूला पाय सोडून गावात शिरल्या. लोक काय म्हणतील, ही धास्ती थंडीवाऱ्याहून जबर, दुसरे काय!

धाकट्या बहिणीला लिहिलेल्या पत्रांतून या सफरीचे पुस्तक १८७९ मध्ये निघाले व गाजले. मात्र लंडनच्या 'टाइम्स'ने बाईंनी पुरुषी वेश केल्याचे छापले. त्या विलक्षण संतापल्या आणि पुढच्या आवृत्तीत आपला पोशाख स्त्रीलाच साजेसा कसा, याचा खुलासा त्यांनी जोडला. पुरुष प्रवाशाला कोणी कपड्यांचा जाब विचारला नसता.

१८८० मध्ये बहीण गेली. १८८१ मध्ये डॉक्टर जॉन बिशप यांच्याशी विवाह झाला, तेही १८८६ मध्ये वारले. इझाबेलाबाई पुन्हा घोड्यावर बसल्या. १८८९ मध्ये काश्मिरातून लडाखला गेल्या. श्रीनगरला पतीच्या आणि अमृतसरला बहिणीच्या नावे इस्पितळासाठी त्यांनी पैसा दिला. १८९२ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने पहिल्यांदाच स्त्रियांना फेलो केले, त्यांत त्या होत्या. १९०१ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, मोरोक्कोत त्यांना मिळालेला काळा घोडा इतका उंच होता की खोगिरावर चढायला शिडी लागे. ती लावून त्या अॅटलस पर्वतापर्यंत जाऊन आल्या. १९०४ च्या ऑक्टोबरात एडिंबरो येथे त्यांचे निधन झाले.