प्राध्यापक विष्णु वासुदेव नारळीकर

नारळीकर हें नांव उच्चारलें म्हणजे आमच्या चोपड्याच्या विद्यार्थ्यांस जयंतराव आठवतात. येथें मात्र आम्हांस त्यांच्या वडिलांचें चरित्र सांगावयाचें आहे.

विष्णुपंतांचा जन्म कोल्हापुरास १९०८ सालीं झाला. मुंबईस पदवी मिळवून ते टाटा शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले, रँग्लर झाले, व रॅले पारितोषिकही त्यांनीं पटकाविलें. परदेशांत पुढील संशोधनाची वाट मोकळी असतां पंडित मदनमोहन मालवीय यांच्या शब्दास मान देऊन १९३२ सालीं, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षीं, ते काशी हिंदु विश्वविद्यालयांत गणिताचे मुख्य अध्यापक झाले. आईन्स्टाईनचा सापेक्षतावाद हा त्यांचा आवडता विषय. पण त्या विद्येनें पोट भरेल असें त्या काळीं फारच थोड्यांस वाटत असे.

१९४२ सालीं प्रह्लाद वैद्य नांवाचा गुजराती तरुण पत्नी व लहान मुलीसह, गांठचे पैसे खर्चून, त्यांच्यापाशीं शिकावयास आला. श्वार्झशिल्ड यांनीं १९१६ सालीं ताऱ्याच्या गुरुत्वाचें जें गणित मांडलें, त्यांत ताऱ्याबाहेर केवळ पोकळी धरली होती. खरा तारा तर अहोरात्र प्रकाश ओततो, व त्याबरोबर त्याचें वस्तुमानही झिजतें! अशा ताऱ्याचें गणित वैद्यांनीं गुरुजींच्या मार्गदर्शनाखालीं १९४३ सालीं सोडविलें. कोसळणारे तारे व कृष्णविवरें यांच्या अभ्यासांत तें आजही उपयोगी पडतें. तें ओळखलें जातें शिष्याच्या नांवानें. ह्यांतच आम्हांस गुरूचा मोठेपणा दिसतो.

पुढें राजस्थानांत लोकसेवा आयोगाचें अध्यक्षपद भूषवून ते पुणें विद्यापीठांत आले, व पुनः खडू हातीं घेतला. १९९१ सालीं त्यांचें देहावसान झालें.

तापीच्या डोहांत धोंडा पडला असतां लाटा कांठापर्यंत येतात. त्याचप्रमाणें सुमारें १३० कोटि प्रकाशवर्षें दूर दोन कृष्णविवरें एकमेकांवर आदळलीं. एक सुमारें ३६ सूर्यांएवढें, दुसरें २९ सूर्यांएवढें. त्यांतील ३ सूर्यांइतकें वस्तुमान गुरुत्वलाटांच्या रूपानें निघून गेलें. त्या लाटा १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील यंत्रांनीं टिपल्या. यंत्रांच्या ४ किलोमीटर लांबीच्या भुजांत पडलेला फरक प्रोटॉनच्या रुंदीच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता. इतकी क्षीण खूण गोंगाटांतून वेंचण्याच्या गणिती रीती बसविण्यांत पुण्याच्या आयुका संस्थेचा वांटा आहे. तिचे पहिले संचालक जयंतराव. तसलेंच यंत्र आपल्या हिंगोली जिल्ह्यांत, औंढा नागनाथाजवळ, उभारण्यास केंद्र सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली आहे.